भाद्रपदात भरलेला गडू

लखनौ, ९ जून २०२५

ति. मालविकाताईस, सुमंतचा नमस्कार.

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आई, म्हणजे तुझी आत्या, तर इतकी ठीक आहे की काल दूधवाल्याला परत पाठवलं. दुधात पाणी दिसलं नाही, म्हणजे दुसरंच काहीतरी घातलं असणार म्हणे.

फोन मुद्दाम केला नाही. आमच्या खात्याने विषारी रसायनं वापरणाऱ्या लहान कारखान्यांसाठी नव्या नियमांचा मसुदा काढलाय आणि लोकांच्या हरकती मागवल्यात. मसुदा मीच लिहिलाय. परवा हरकतींचा गठ्ठा आला, त्यात एक दुर्गाघाटाहून होती. सही बघायच्या आधीच अक्षर ओळखलं. माझे निबंध ज्या अक्षरात लिहून द्यायचीस तेच!

ताई, तक्रार आहे ती तुमच्याच घराच्या तळमजल्याची. यज्ञूदादाने ठेवलेला भाडेकरू विष्णुबाबू पूजेच्या भांड्यांवर आणि घंटांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवतो आणि त्याचं सांडपाणी विहिरीत मुरतं, असं तू लिहिलंयस. घरातलं भांडण सरकारी टेबलावर कशाला आणलंस? दादाला माहीत आहे का? आणि खरं सांग, हे तुला कोणी लिहायला लावलं?

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव, ऑफिसच्या नको.

तुझा सुमंत

*

दुर्गाघाट, काशी, १६ जून

चि. सुमंत यास आशीर्वाद. सध्या अर्धेच पाठवते, बाकीचे तुझं उत्तर वाचून.

मला कोणी लिहायला लावायला मी काय नववीतली मुलगी आहे? सारी नोकरी मुलींना केमिस्ट्री शिकवण्यात गेली. खाली कोणता वास कशाचा आहे ते मला झोपेतही कळतं. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून निळे ड्रम माणसांच्या डोक्यावरून येतात. ते येताना भरलेले असतात आणि जाताना रिकामे. मधलं सगळं अंगणातल्या शोषखड्ड्यात जातं, आणि खड्डा विहिरीला चिकटून आहे.

तू विहीर विसरला नसशील. दादा संध्या झाली की तिचं ओंजळभर पाणी प्यायल्याशिवाय चहाला हात लावत नाही, कारण आजोबा लावत नसत. दोन वर्षं झाली, त्याच्या बोटांच्या सांध्यांवर व्रण आहेत आणि ते भरत नाहीत. पोट नेहमी बिघडलेलं. डॉक्टर मलम बदलून देतात. मी पाण्याचं नाव काढलं की दादा म्हणतो, "ही पाताळातली गंगा आहे. गंगा मैयाला सर्टिफिकेट लागतं काय?"

त्याला न सांगता लिहिलं, कारण सांगितलं असतं तर त्याने लिहू दिलं नसतं. मला एवढंच हवंय की त्याने ती ओंजळ सोडावी. बहिणीचं ऐकत नाही, सरकारचा कागद आला तर ऐकेल.

आता तुझं सांग. तुझा मसुदा मी पूर्ण वाचला. लहान कारखान्यांनी आपलं आपणच लिहून द्यायचं की आम्ही विष जपून वापरतो, आणि मग तपासणी बंद! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच. तू हे कोणासाठी लिहिलंस?

मालविका

*

लखनौ, ३० जून

ति. ताईस,

तुझ्या तक्रारीवरून २५ तारखेला तपासणी झाली. अहवालाची प्रत सोबत जोडतो. कारखान्यात मर्यादेबाहेर साठा नाही, शोषखड्डा कोरडा, विहिरीचं पाणी पिण्यायोग्य. आता तरी दादाच्या ओंजळीची काळजी सोड.

मसुदा मी कोणासाठीही लिहिला नाही. आजवरच्या तपासण्यांनी काय साधलं? माणूस जातो, चहा पितो आणि परत येतो. त्यापेक्षा मालकाकडूनच सही घेऊन ठेवावी, खोटं निघालं तर मान धरता येते. शिवाय त्या गल्ल्यांमध्ये हजारो हातांना काम आहे. एकेका कारखान्यावर माणूस कुठून पाठवू?

एक विचारतो, राग मानू नकोस. तुमच्या शेजारच्या दोन घरांचे होमस्टे झाले असं आईला कोणीतरी सांगितलं. भाडेकरू निघाला तर तुमचाही तळमजला मोकळा होईल. ऑफिसात कोणी हे विचारलं, तर मी काय सांगू? आणि पाण्याचा नमुना तू स्वतः तुझ्या जुन्या शाळेत तपासलास असं हरकतीत लिहिलंयस. तुझ्या शाळेच्या कपाटात कोणकोणत्या बाटल्या असतात ते मलाही माहीत आहे. लोक म्हणतील, पाण्यात काय मिसळलं ते बाईंनीच मिसळलं.

सुमंत

*

दुर्गाघाट, ७ जुलै

सुमंत,

लोक म्हणतील की तू म्हणतोस?

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळपासून ड्रम बाहेर जात होते. एरवी दारात उभा न राहणारा विष्णुबाबू स्वतः उभा राहून माणसांना हाकत होता. संध्याकाळी फरशी धुतली, खड्ड्यात चुना आणि राख टाकली. दुसऱ्या दिवशी तुझा साहेब आला तेव्हा खाली देवळासारखं स्वच्छ होतं. साहेब गेल्यावर विष्णुबाबू वर आला, हात जोडून म्हणाला, "दीदी, कोई तकलीफ थी तो हमसे कह देतीं। लखनऊ तक काहे गईं?" त्याच्या हातात माझ्या हरकतीची प्रत होती. माझ्या अक्षरातली, माझ्या सहीची.

ती हरकत मी तुमच्या खात्याकडे पाठवली होती. माझ्या ओळखीचं तिथे तुझ्याशिवाय कोणी नाही. मग ती त्याच्याकडे कशी आली?

दादाला आता सगळं कळलंय. पाच दिवस माझ्याशी बोलत नाही. तुझा अहवाल त्याने देवापाशी ठेवलाय, आणि आता सकाळी एकाऐवजी दोन ओंजळी पितो.

मालविका

*

लखनौ, २० जुलै

ति. ताईस,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

प्रत मी दिली नाही. पण ती कशी गेली ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सध्याच्या नियमात असं आहे की तक्रार आली की तिची प्रत नावासकट मालकाला पाठवायची, त्याचं म्हणणं मागवायचं, आणि तपासणीची तारीख आधी कळवायची. मालकावर अन्याय होऊ नये म्हणून हे कलम आहे. म्हणजे तुझं नाव कोणी चोरून फोडलं नाही, कायद्याने टपालखर्च करून पोचवलं. पहिल्या पत्रात सांगितलं असतं तर तू हरकत मागे घेतली असतीस, आणि खरं सांगायचं तर तू ती मागे घ्यावीस असंच मला तेव्हा वाटत होतं. मग का सांगितलं नाही? ऑफिसात राहून तोंड बंद ठेवायची सवय लागते.

पण ताई, विहिरीत विष आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. तू नेलेला नमुना तुझ्या हातचा, खात्याने नेलेला नमुना नोटीस दिल्यानंतरचा. ज्यावर मालकाला, खात्याला आणि मलाही बोट ठेवता येणार नाही असं काही तुझ्याकडे असेल तर सांग. हरकतींची मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली आहे.

होमस्टेचं तू अजून उत्तर दिलं नाहीस.

सुमंत

*

दुर्गाघाट, १२ ऑगस्ट

सुमंत,

होमस्टे काढायचा असता तर पहिलं गिऱ्हाईक तुलाच बोलावलं असतं आणि त्याच विहिरीचं पाणी पाजलं असतं. झालं उत्तर?

गंगेला पूर आहे. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, नावा बंद. विहीर इतकी वर आलीय की वाकून तांब्या भरता येतो. काल कठड्याशी उभी होते आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी आणि तुझा साहेब, दोघेही चुकीच्या ऋतूत विहीर तपासत होतो. उन्हाळ्यात पाणी खोल असतं, खड्ड्यातलं त्यात थोडंच पोचतं. पुरात जमिनीतलं पाणी वर चढतं, शोषखड्ड्यातून फिरतं आणि विहिरीत उतरतं. आजोबा म्हणायचे, पुरात गंगा आपणहून विहिरीत येते. येते ती खरीच, पण आता येताना विष्णुबाबूच्या खड्ड्यातून येते.

यंदाचं पाणी तपासून मात्र उपयोग नाही. तपासणीनंतर विष्णुबाबूने खड्डा उपसून वर सिमेंट ओतलं आणि माल दुसरीकडे हलवलाय. सगळं शांत झालं की परत आणेल. मला जुन्या पुराचं पाणी हवं. आणि ते कुठे आहे ते मला माहीत आहे. तुलाही आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रातून यजमान येतात, काशी करून परत निघताना दादा त्यांना गंगेचा तांब्याचा गडू देतो. झाकण डाखाने झाळून पक्कं बंद, बुडाला नाव, महिना आणि साल कोरलेलं. घरी जाऊन ते यात्रेच्या मावंद्याचं जेवण घालतात, गडूची पूजा करतात आणि देवघरात ठेवतात. घरातलं कोणी जायला निघालं की डाख काढून दोन थेंब तोंडात घालतात. एरवी गडू मधल्या धारेतून भरतात. पण पुरात नाव जात नाही, तेव्हा दादा विहिरीतून भरतो, वडील भरायचे तसा. त्यात त्याला काही खोटं वाटत नाही, कारण त्याच्या लेखी ती गंगाच.

चार वर्षांपूर्वी आत्या इथलं राहणं सोडून तुझ्याकडे आली, तेव्हा भाद्रपद होता, पूर होता आणि खाली कारखाना सुरू होऊन वर्ष झालं होतं. दादाने तिला यजमानासारखा गडू दिला. तो तिच्या देवघरात आहे. तो माझ्या शाळेच्या कपाटाजवळ कधी गेला नाही आणि विष्णुबाबूला त्याची नोटीसही गेलेली नाही. झाळलेल्या तोंडात कोण काय मिसळणार?

तो तपासून घे.

मालविका

*

लखनौ, २५ ऑगस्ट

ति. ताईस,

ते जमणार नाही. तांब्याच्या भांड्यात चार वर्षं राहिलेल्या पाण्यात धातू उतरणारच, कोणताही वकील हसेल. आईची तब्येतही बरी नाही. हे पत्र मी तिला दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. तूही फोनवर तिच्याजवळ विषय काढू नकोस.

सुमंत

*

दुर्गाघाट, १ सप्टेंबर

सुमंत,

तांब्याच्या भांड्यातून तांबं उतरेल. डाखातून कथील उतरेल, शिसं उतरेल. निकेल आणि क्रोम कुठून उतरणार? ते कल्हईवाल्याकडे नसतं, गंगेच्या वाळूत एवढं नसतं, ते मुलाम्याच्या हौदात असतं. त्या दोघांचंच नाव घेऊन तपासायला सांग. हे मी अकरावीला शिकवत होते.

आत्याच्या तब्येतीला काय झालंय ते लिहिलं नाहीस. परवाच तिने मला फोनवर पंधरा मिनिटं गवारीची भाजी कशी बिघडली ते सांगितलं. तू आईला जपत नाहीस, मसुद्याला जपतोयस. गडूत विष निघालं तर तुझं "आपलं आपण लिहून द्या" हे कलम कोणत्या तोंडाने वर पाठवशील?

दादाच्या डाव्या हाताचं बोट आता दर्भाची अंगठीही घालू देत नाही इतकं सुजलंय. मला याची फार भीती वाटते, सुमंत. भांडण बाजूला ठेवून लिहिते, फार भीती वाटते.

मालविका

*

लखनौ, १६ सप्टेंबर

चि. मालू हिला कालिंदीआत्याचे पूर्ण आशीर्वाद.

अर्धे आशीर्वाद द्यायची पद्धत आपल्या घरात नाही, ती तू काढलीस. होय, तुझी सगळी पत्रं वाचली. आधी सुमंत मला तुझी पत्रं वाचून दाखवायचा. यंदा दाखवीना, आणि "ताई मजेत आहे" असं सारखं सांगायला लागला. कोणी न विचारता मजेत आहे म्हणालं की मला संशय येतो. तो ऑफिसला गेल्यावर त्याचं कपाट उघडलं.

वाचून गडूसमोर बसले. रोज हळदकुंकू वाहते त्याला. मनात म्हणायची, तुझ्यामुळे मला मरायची भीती नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून भीती वाटली. मग विचार केला, शेवटच्या घोटात काय आहे ते जिवंतपणीच कळलेलं बरं, नंतर तक्रार कोणाकडे करणार?

सूनबाईला, अंतराला बरोबर घेतलं, गडू मांडीवर ठेवला आणि रिक्षा करून लॅबमध्ये गेले. झाकण तिथल्या माणसासमोर काढवलं, बुडाच्या अक्षरांचा फोटो काढवला. सुमंतला पुन्हा शंका घ्यायला जागा नको. तू सांगितलीस ती दोन नावं सांगितली. ती म्हातारीच्या तोंडून ऐकून तो माणूस चष्मा काढून बघायला लागला.

कागद सोबत आहे. दोन्ही आहेत. पिण्याच्या पाण्याला जी हद्द असते तिच्या कितीतरी वर आहेत, असं तो म्हणाला.

सुमंतला रात्री जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. त्याला फार बोलू नकोस. कागद यज्ञूला दाखव, आणि मी पाठवलाय म्हणून सांग.

तुझी आत्या

*

दुर्गाघाट, २७ सप्टेंबर

ती. आत्यास आणि चि. सुमंतासही,

कागद दादाला दिला. आधी म्हणाला, लॅबवाल्यांनी बाटली धुतली नसेल. मग म्हणाला, लखनौचीच हवा लागली असेल. मग गडू भाद्रपदातला आहे हे माझ्या तोंडून ऐकलं. मला वाटलं, आता स्वतःच्या बोटांकडे बघेल. त्याने बघितलं नाही. म्हणाला, "मालू, कारखाना आल्यापासून दर पुरात मी लोकांना हेच दिलं?"

विहिरीवर फळी टाकली, वर दगड ठेवला. ओंजळ सुटली, आत्या. जे मला हवं होतं ते झालं, पण त्याचा चेहरा बघून मला एक घोटभरही आनंद झाला नाही.

नंतर तो पोस्टकार्डं घेऊन बसला. भाद्रपदात आणि श्रावणात आलेल्या एकेका यजमानाला लिहिलं, "आमच्याकडून नेलेल्या गडूतील पाणी दूषित आहे. कोणाच्याही मुखी घालू नये. गडू न उघडता परत पाठवावा." मी म्हटलं, सही नको करूस, उद्या दारात यजमान उभा राहणार नाही. त्याने संकल्पात सांगतात तसं गोत्रापासून गावापर्यंत सगळं लिहून खाली सही केली.

फोन येतात. कोणी शिव्या देतं, कोणी पैसे उकळायचा नवा धंदा म्हणतं. साताऱ्याहून एका बाईंचा आला. त्यांच्या सासूबाईंना गेल्या पौषात तेच पाणी दिलं होतं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "गुरुजी, त्यांना त्रास झाला असेल का हो?" दादाने फोन माझ्यापुढे केला. मी घेतला आणि सांगितलं, दोन थेंबांनी काही होत नाही. ते खरं आहे. पण दादाने त्या दिवशी पुन्हा आंघोळ केली.

आणि आता गडू परत येतायत. कुरिअरचा माणूस गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावतो आणि खोकी हातात घेऊन चालत येतो. सगळ्यांवर हळदकुंकू अजून तसंच. काही घरांनी कारखाना येण्याआधीच्या पुरातलेही पाठवलेत. ते मी मुद्दाम वेगळे ठेवलेत, कारण त्यांत काही निघालं नाही तर दुसरं कारण सांगायला जागाच उरत नाही. विष्णुबाबू जिन्यातून खोकी मोजतो. काल म्हणाला, "दीदी, ये सब क्या आ रहा है?" मी म्हटलं, "आपका माल। वापस आया है।"

सुमंत, हे गडू मी कोणाच्या हवाली करू? तुझ्या ऑफिसला पाठवले तर आधी विष्णुबाबूला त्यांची यादी जाईल ना?

मालविका

*

लखनौ, १ ऑक्टोबर

ति. मालविकाताईस, सुमंतचा साष्टांग नमस्कार.

गडू ऑफिसला पाठवू नकोस. मी शनिवारी स्वतः येतोय. आपण दोघं मिळून लॅबमध्ये नेऊ.

मसुदा आता माझ्याकडे नाही. तक्रारदार माझी मामेबहीण आहे आणि गडू माझ्या आईचा, हे मी साहेबांना लिहून दिलं. ते जूनमध्येच द्यायला हवं होतं. फाईल दुसऱ्याकडे गेली. तो माझी सगळी कलमं ठेवील किंवा सगळी खोडील, मला सांगता येत नाही. म्हणून मुदत संपायच्या दिवशी मीही रांगेत उभा राहून हरकत दिली. माझ्याच मसुद्यावर, साधा नागरिक म्हणून. विष लहान कारखान्याचं असलं तरी तपासणी बंद करू नये, तारीख आधी कळवू नये, तक्रार करणाऱ्याचं नाव मालकाला देऊ नये, आणि नदीकाठचं पाणी पुरातच तपासावं. सोबत आईच्या गडूचा कागद जोडला.

जुनाच नियम चालू आहे, त्यामुळे आता माझ्या नावाची प्रतही विष्णुबाबूला जाईल. शनिवारी जिन्यात भेटलाच तर म्हणेल, भैया, हमसे कह देते.

होमस्टेबद्दल आणि शाळेच्या कपाटाबद्दल जे लिहिलं त्याची लाज वाटते. दादाला माझ्याबरोबर इथे डॉक्टरकडे आणायचंय, त्याची तयारी करून ठेव.

आईला विचारलं, तुझ्यासाठी मधल्या धारेतून भरलेला दुसरा गडू घेऊन येऊ का? तिने पेन ओढून घेतलं. खाली तिचंच अक्षर आहे.

सुमंत

मालू, गडू नको. माझी वेळ आली की नळाचं पाणी घाला, देवाला तेही कळतं. पण नळ याच्या सरकारचा आहे, तेव्हा आधी तपासून घ्या. आणि तपासायला याल तेव्हा नोटीस देऊ नका.

आत्या